सिग्नलला बंद न पडणारी गाडी

गाडी बंद पडते म्हणून लोक वायरमनकाकांकडे येत. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. गाडी बंद पडत नाही, अशी तक्रार घेऊन पहिल्यांदा कुणी आलं तेव्हा काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मग विचारलं, "म्हणजे नेमकं काय होत नाही?"

पण ते पुढे. आधी काका कसे होते ते सांगायला हवं.

दुकान कसलं, बोळच तो. एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला गाड्यांच्या काचा बसवणारा, आणि मध्ये उरलेल्या फटीत काका. गाडी आत घ्यायची तर तिचं नाक तेवढं सावलीत यायचं, शेपूट रस्त्यावर. उजव्या भिंतीवर रंगारंगाच्या वायरींची वेटोळी टांगलेली. डाव्या बाजूला फळीवर बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, आणि त्यांच्या ॲसिडचा तो आंबट वास. नवीन माणसाच्या नाकाला तो झोंबायचा, काकांना तो येतच नसे. त्या ॲसिडच्या शिंतोड्यांनी काकांच्या प्रत्येक सदऱ्याला बारीक भोकं पडलेली. "ह्यांचे सदरे धुवायचे नसतात, गाळायला वापरायचे असतात," असं काकू म्हणायच्या.

काका बोलायला कंजूष. गिऱ्हाईक आपलं रामायण सांगत असताना ते मान खाली घालून ऐकत आणि शेवटी एकच शब्द काढत, "बघू." काम किरकोळ असेल तर "बघू", आणि अवघड असेल तर "बघू या". जुन्या गिऱ्हाइकांना तेवढ्यावरून कळायचं, आज गाडी मिळणार की उद्या.

बाकी कशाचाही अभिमान त्यांना नव्हता, एका गोष्टीचा मात्र होता, आणि तोही त्यांनी कधी तोंडाने बोलून दाखवला नाही. ती गोष्ट म्हणजे अर्थिंग. गाडीत कुठलीही वस्तू बसवा, हॉर्न असो की दिवा, तिला करंट नेणारी एक तार लागते आणि परत आणणारी एक. परतीच्या तारेसाठी बरेच जण कष्ट घेत नाहीत. जवळच्या पत्र्याला स्क्रू मारतात, झालं काम. पत्रा गंजतो, स्क्रू सैल होतो, मग दिवा मिचमिचायला लागतो आणि माणूस बल्ब बदलत बसतो. काकांनी तरुणपणी ट्रकवर काम करायच्या दिवसांत असले मिचमिचे दिवे इतके पाहिले होते की पत्र्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. तेव्हापासून ते परतीची तार वेगळी ओढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेऊन बसवत, आणि तिच्या टोकावर दोन बोटं लांबीची पिवळी नळी चढवत. इतर वायरमन हसायचे, अर्धं वेटोळं जास्त जातं म्हणायचे. पण दुसऱ्या गावात कुणी बॉनेट उघडलं आणि पिवळी नळी दिसली, की म्हणायचे, हे काम बघायला नको, हे धड असणार.

घरात काकू, मुलगा आणि सून. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा आणि विजेला घाबरायचा. बल्ब गेला की तो बायकोला हाक मारी. सून मात्र लग्नाआधी मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यावर काम केलेली, डोळ्यांना धड न दिसणारे स्क्रू चिमट्याने उचलणारी. "चार दिवस दुकानात बसते, कंटाळा जाईल," म्हणून आली, त्याला सहा वर्षं झाली. तिनेच स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली एक वायर खोचायची, की पडद्यावर गाडी आपली दुखणी आपणच सांगणार. काका त्याला खोकं म्हणायचे. वाईट अर्थाने नाही. त्यांना दुसरं नाव सुचलं नव्हतं.

त्या महिन्यात तीन गाड्या काकांच्या हातून निसटल्या. एकीची काच आपोआप खाली जायची. एकीचा लाल दिवा विझेना. तिसरीचं तर काय होतं तेच कळेना, आणि सुनेने खोकं लावून दहा मिनिटांत काढून दिलं. त्या तिसऱ्या गाडीचा मालक भला माणूस. जाताना सुनेला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी तुम्हीच बघा. काकांना कशाला त्रास?" त्याने टोमणा मारला असता तर काका विसरून गेले असते. त्याने काळजीने म्हटलं होतं.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दुपारी जेवताना काकांनी जाहीर केलं, "आता दुकानात जी पहिली गाडी येईल ती मी बघणार. खोक्याला हात न लावता. सापडला बिघाड तर ठीक. नाही सापडला तर मी घरी बसेन."

"घरी बसून काय करणार?" काकूंनी विचारलं.

"बसेन."

"तुम्हाला बसता येतं का? मागच्या सुट्टीला मिक्सर उघडून ठेवलात."

"तो आवाज करत होता."

"मिक्सर आवाजच करतो."

मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे, या वयात विश्रांती..."

"तू जेव," सासू आणि सून एकदमच म्हणाल्या.

मग सुनेने विचारलं, "आणि पहिली गाडी पंक्चरची आली तर?"

"ती शेजारी जाईल," काका म्हणाले, आणि हसले नाहीत. तेव्हा सुनेच्या लक्षात आलं की हे नुसतं बोलणं नाही. काका एकदा बोलले की मागे येणारे नव्हते. सिगारेट त्यांनी अशीच जेवता जेवता सोडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून नमुनेताई उतरल्या. ताई लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायच्या, म्हणून सगळे त्यांना नमुनेताई म्हणत. त्या स्वतःही फोनवर "नमुनेताई बोलतेय" असंच म्हणायच्या आणि समोरचा हसला तर त्याला हसू द्यायच्या. गाडीच्या मागच्या सीटवर नमुने थंड ठेवायचा डबा होता, छोट्या फ्रिजसारखा, गाडीच्या करंटवर चालणारा. तो आठ महिन्यांपूर्वी काकांनीच बसवून दिला होता.

"काका, गाडी बंद पडत नाही," ताई म्हणाल्या.

इथे काकांनी चष्मा पुसला.

"सिग्नलला हो. नवीन गाड्यांना असतं ना, ऑटो स्टार्ट-स्टॉप. न्यूट्रलला टाकली, क्लच सोडला की इंजिन आपलं गप्प व्हायचं. क्लच दाबला की पुन्हा सुरू. आता कुठे गप्प व्हायला? माझ्यासारखीच अखंड चालू."

"कधीपासून?"

"अडीच महिने. सर्व्हिस सेंटरला दाखवली. म्हणाले बॅटरी गेली. नवीन घातली, ती पण या सिस्टिमला लागते तसलीच, भारीतली. आठ दिवस सुतासारखी सरळ चालली, नवव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे. आता म्हणतात कॉम्प्युटर बदलून बघू."

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही," सून आतून म्हणाली.

"पेट्रोल जातं ते जाऊ दे," ताईंचा आवाज जरा खाली आला. "पण ती आपण होऊन थांबत नाही, म्हणजे आतून काहीतरी दुखतंय ना तिला? उद्या कुणाच्या दारात सेल्फच नाही मारला तर? डब्यात चाळीस जणांचं रक्त. त्यातले निम्मे उपाशीपोटी दिलेले. पुन्हा द्या म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

काका म्हणाले, "बघू या."

सुनेने स्कॅनर ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद करताना मुद्दाम आवाज केला.

काकांनी पहिला हात घातला तो ताईंना आठवतही नसलेल्या वस्तूला. गाडीच्या कप्प्यात कंपनीने दिलेलं माहितीपुस्तक होतं, त्याचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. ते त्यांनी फोडलं आणि स्टुलावर बसून, भिंग लावून, स्टार्ट-स्टॉपच्या प्रकरणाची सात पानं वाचून काढली. ताई तोवर टायरवाल्याशी, काचवाल्याशी आणि सुनेशी बोलून परत आल्या होत्या.

"काय म्हणतं पुस्तक?"

"थांबण्याआधी गाडी स्वतःलाच पाच-दहा गोष्टी विचारते," काका सावकाश म्हणाले. "इंजिन पुरेसं तापलंय का. चालवणाऱ्याने पट्टा लावलाय का. दार नीट लागलंय का. बॉनेट बंद आहे का. एसीचा जोर आटोक्यात आहे का. आणि बॅटरीत पुन्हा सेल्फ मारायचा दम आहे का. एकाचंही उत्तर 'नाही' असं आलं, तर ती चालूच राहते. सुरू होण्याची खात्री असेल तरच थांबते."

"शहाणीच आहे की माझ्यापेक्षा."

काकांनी एकेक गोष्ट धरली. पट्ट्याचा खटका तपासला. चारी दारं उघडून लावून पाहिली. एसी बंद करून सिग्नलपर्यंत चक्कर मारली, इंजिन चालूच. मग बॉनेटच्या कुलपापाशी असलेलं बारीक बटण सापडलं. बॉनेट लागलंय हे गाडीला त्याच्यावरून कळतं. त्याच्यावर धूळ आणि ग्रीस यांचा चिखल जमलेला. गाडीला वाटत असणार की आपलं तोंड उघडंच आहे. काकांनी ते पेट्रोलने धुतलं, पुसलं, मीटर लावून पाहिलं. तोवर बॅटरी फळीवरच्या चार्जरला जोडून ठेवली होती, दोन-अडीच तास. संध्याकाळी ताईंना शेजारी बसवून ते सिग्नलला गेले. न्यूट्रल, क्लच सोडला, आणि इंजिन गप्प झालं.

इतकं गप्प की शेजारच्या स्कूटरवाल्याचं फोनवरचं भांडण ऐकू यायला लागलं.

"काका, तुम्ही जादूगार आहात," ताई म्हणाल्या.

घरी जाऊन काकांनी दोनदा जेवण वाढून घेतलं. काकूंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान डोलावली, म्हणजे सापडला.

तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. फोन सुनेने घेतला आणि ती नुसती ऐकत राहिली. ताई एरवी इतक्या हळू बोलत नसत.

"पुन्हा?" काकांनी विचारलं.

"पुन्हा."

काका स्टुलावर बसले. बटण घाण होतं हे खरं होतं, पण दुखणं ते नव्हतं. गाडी त्या संध्याकाळी थांबली ती बॅटरी आपण चार्ज केली म्हणून, हे आता त्यांना कळलं. नवीन बॅटरीवर आठ दिवस थांबली तीही म्हणूनच. म्हणजे बॅटरी भरलेली असते तोवर सगळं ठीक, आणि मग ती कुठेतरी रिकामी होते. पण चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर चांगला होता, त्यांनी स्वतः मोजला होता. भरणारा भरतोय, तरी भांडं अर्धंच.

"बाबा, खोकं लावू का?" सुनेने विचारलं. विचारताना ती दुसरीकडे बघत होती.

"नको. उद्या मी ताईंबरोबर जातो."

दुसऱ्या दिवशी पहाट उलटल्यावर काका हातात वायरीची पिशवी घेऊन ताईंच्या गाडीत बसले. अकरा वाजेपर्यंत चौदा घरं झाली. ताई एखाद्या दारापाशी गाडी बंद करायच्या, ट्रे उचलायच्या, जिना चढायच्या. दहा मिनिटांनी खाली यायच्या, नळ्या डब्यात ठेवायच्या, आणि पाच मिनिटांवर पुढचं घर. एका फाटकाशी एक आजोबा बाही वर करूनच उभे होते. ताईंनी त्यांना तिथेच खुर्चीवर बसवून काम उरकलं. "हे माझे सगळ्यात शहाणे," त्या म्हणाल्या, "बाकीच्यांची आधी हात लपवण्यापासून सुरुवात."

काका गाडीतच बसून राहायचे. इंजिन बंद, रस्ता शांत, आणि मागच्या सीटवर डबा गुरगुरतोय. पहिल्या चार घरांपर्यंत त्यांना तो आवाज ऐकूच आला नाही. पाचव्या घराशी आला. सहाव्या घराशी ते तोच ऐकत बसले.

हा डबा सकाळपासून खातोय. दहा मिनिटं खातो, मग गाडी पाच मिनिटं चालते. तेवढ्यात भरून निघत नाही. बरं, गाडीला हे कळत असतं तर तिने अल्टरनेटरला जास्त जोर लावायला सांगितलं असतं. नवीन गाड्या तेवढ्या हुशार असतात, पुस्तकात तसं लिहिलं होतं. मग हिला कळत कसं नाही? बॅटरीतून किती गेलं, किती आलं, हे गाडीला सांगतं कोण?

सातव्या घराशी त्यांनी पुस्तक पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचताना एक ओळ त्यांनी ओलांडली होती. बॅटरीचा सेन्सर, निगेटिव्ह टर्मिनलवर.

दुकानात परतल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, खोकं आण."

सून काहीतरी बोलणार होती. तिने ते गिळलं आणि खोकं आणलं.

इंजिन बंद होतं, डबा चालू. पडद्यावर गाडी सांगत होती की बॅटरीतून जवळजवळ काहीच जात नाही, अर्ध्या अँपिअरच्याही खाली. काकांनी डब्याच्या तारेला चिमट्याचं मीटर लावलं. साडेचार.

"साडेचार खातोय," सून म्हणाली, "आणि हिला पत्ताच नाही."

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत रस्त्यावर गेल्या. सून पडद्यात डोकं घालून बसली. काकांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरचं प्लास्टिकचं झाकण उचललं. खाली क्लॅम्प होता. क्लॅम्पला चिकटून काडेपेटीएवढा काळा ठोकळा, तो सेन्सर. ठोकळ्यातून निघून गाडीची जाड तार पत्र्याकडे गेलेली. आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, क्लॅम्पच्या बोल्टाखाली, नीट दाबून बसवलेली एक बारीक तार होती. तिच्या टोकावर दोन बोटं पिवळी नळी.

काकांनी त्या नळीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

दहा नंबरचा पाना त्यांच्या हातातच होता. बोल्ट सैल करायचा, तार उचलायची, सेन्सरच्या पलीकडे पत्र्यावर न्यायची. पाच मिनिटांचं काम. ताई फोन संपवून येईपर्यंत झालं असतं, आणि "सापडला एकदाचा" म्हटलं असतं तर कुणी पुढे विचारलंही नसतं. काकांनी पाना मडगार्डवर ठेवला आणि ताई येईपर्यंत हात पुसत राहिले.

"सापडलं," ते म्हणाले. "माझंच काम आहे."

"तुमचंच तर काम आहे, म्हणून तर आले."

"तसं नाही. बिघाड मी केलाय."

सून उठून आली. तिने आत पाहिलं, मग भिंतीवरच्या वेटोळ्यांकडे पाहिलं.

काकांनी समजावून सांगितलं. इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. "हा काळा ठोकळा गाडीचा पहारेकरी. बॅटरीतून जे जाईल, जे येईल ते त्याच्यातून जावं म्हणून त्याला दारात बसवलाय. मी तुमच्या डब्याची परतीची तार दारातून नेलीच नाही, मागच्या भिंतीवरून उडी मारून थेट बॅटरीवर नेली. चाळीस वर्षं तेच करतोय. जुन्या गाडीत तेच बरोबर. पण इथे डबा काय खातो ते पहाऱ्यावरच्याला दिसत नाही. त्याला वाटतं बॅटरी भरलेली आहे. मग गाडी सेल्फ मारायला जाते आणि दम कमी पडतो. असं चार-सहा वेळा झालं की तिचा बॅटरीवर भरवसा राहत नाही, मग ती थांबायचंच सोडून देते."

नमुनेताईंनी वाकून तो ठोकळा पाहिला.

"म्हणजे अडीच महिने मी सर्व्हिस सेंटरवाल्यांना शिव्या घातल्या, त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या."

"हो."

"आणि नवी बॅटरी?"

"जुनी या डब्यानेच मारली असणार. तोही दोष माझ्याकडेच."

"आता तुम्ही असे समोर उभे राहून सगळं कबूल करत गेलात तर मी भांडू कशी?" ताई म्हणाल्या. "थोडं तरी नाही म्हणा."

काकांना नाही म्हणता येईना. त्यांनी वायर सोडवली. कंपनीने पत्र्यावर अर्थिंगसाठी जागा करून दिली होती, जाड बोल्टाची, रंग खरवडलेली. तिथे तार लावताना त्यांचा हात थबकला. पत्र्यावर परतीची तार लावणं त्यांनी तरुणपणीच सोडलं होतं. त्यांनी बोल्ट काढला, जागा पॉलिश कागदाने घासली, पुन्हा घासली, आणि तार बसवली. सुनेने खोक्यातून गाडीला नवीन बॅटरीची नोंद करून दिली, ती सर्व्हिस सेंटरने केलीच नव्हती. मग गाडी चार्जरवर भरून, कुलूप लावून, सकाळपर्यंत उभी ठेवायची ठरली.

"तिला काही तास कुणी हात लावायचा नाही," सून म्हणाली. "सेन्सर तेव्हाच बॅटरीचा अंदाज घेतो."

"म्हणजे झोप हवी. सरळ सांगा की," ताई म्हणाल्या आणि रिक्षाने गेल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांचा फोन आला, की गाडी प्रत्येक सिग्नलला गप्प होते. काकांनी सांगितलं, दहा दिवस थांबा, मागे आठ दिवस फसवलं होतं. ते दहा दिवस काका दुकानात यायचे, बॅटऱ्यांना पाणी घालायचे, हॉर्न बदलून द्यायचे, पण कुठल्याही गाडीला "बघू" म्हणाले नाहीत. "सूनबाईंना दाखवा," म्हणायचे. अकराव्या दिवशी ताई स्वतः आल्या. गाडी थांबत होती. डबा गुरगुरत होता आणि खोक्यात साडेचारचा आकडा दिसत होता.

त्या रात्रीच्या जेवणाला काका म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही."

"का?" सून म्हणाली. "बिघाड सापडला ना?"

"माझाच होता तो. स्वतः लपवलेली वस्तू स्वतः शोधली, यात काय मोठं? आणि खोकंही लावलं. अट होती, हात लावायचा नाही."

"अट घातली कुणी?"

"मी."

"मोडली कुणी?"

"मीच."

"मग आम्ही कशाला पाळायची? काय हो आई?"

"मला विचारू नका," काकू म्हणाल्या. "मला फक्त मिक्सरची काळजी आहे."

मुलगा या खेपेला नुसता जेवत राहिला.

काका ताटात बोट फिरवत राहिले. हा थट्टेचा विषय नाही असं त्यांना म्हणायचं होतं, पण कसं म्हणायचं ते सुचेना. ज्या एका गोष्टीवर चाळीस वर्षं भरवसा ठेवला तीच खोटी निघाली. आता दुसरं कोणतं काम धड केलंय असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सुनेने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, नवीन गाड्यांत पिवळी नळी आणखी कुठे कुठे आहे?"

काकांचं बोट थांबलं.

त्यांनी आठवायला सुरुवात केली. जनावरांच्या डॉक्टरांची गाडी, मागे औषधांचा फ्रिज. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची, छतावर पाटीचा दिवा. फुलवाल्याची व्हॅन. कॅमेरे बसवलेल्या दोन टॅक्सी. बेकरीची गाडी. काचवाल्याच्या मेव्हण्याची, मोठ्या आवाजाचा साउंड. त्यांना गाड्यांचे नंबर आठवत नसत, पण कुठली तार कुठून ओढली ते डोळ्यांपुढे होतं. बोटं मोजून अकरा झाल्या. अकरांपैकी किती सिग्नलला थांबायच्या बंद झाल्या असतील, किती जणांनी उगाच बॅटरी बदलली असेल, कुणाला ठाऊक. आणि यांतल्या एकाही तारेची खबर काकांशिवाय कुणाला नव्हती. सुनेलाही नाही. बरीचशी कामं त्यांनी एकट्याने, दुपारी तिच्या जेवणाच्या वेळेत केली होती.

"तू करशील?" त्यांनी विचारलं.

"मला कसं कळणार कुठून नेल्यात? सीटखालून, गालिच्याखालून, तुम्ही तर लपवता. गाडी फाडावी लागेल."

काकांनी बोटं पुन्हा एकदा मोजली.

फोनवर बोलणं हे काकांना सगळ्यात जड. तरी सकाळी दुकान उघडल्यावर त्यांनी स्टूल आतल्या बाजूला ओढलं, सुनेकडून नंबर लावून घेतला आणि पहिला फोन जनावरांच्या डॉक्टरांना केला. सून चार्जिंगच्या फळीपाशी उभी राहून ऐकत नसल्यासारखं ऐकत होती.

"डॉक्टर, मी वायरमन. तुमचा तो फ्रिज बसवला होता ना, त्यात माझी एक चूक झालीय. तुमची गाडी सिग्नलला आपोआप बंद व्हायची, ती आता होत नसेल."

"अहो, नाही होत," डॉक्टर खुशीत म्हणाले. "आधी व्हायची. सारखी बंद पडायची, मला वाटलं भिकार गाडी गळ्यात मारली. मग तुम्ही फ्रिज बसवलात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप सुधारली. मी सगळ्यांना सांगतो, वायरमनच्या हाताला गुण आहे."

काकांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. फळीपाशी सुनेने पाठ फिरवली होती. तिचे खांदे हलत होते.

"ती सुधारली नाही, डॉक्टर. बिघडलीय. मी बिघडवलीय."

"असू दे हो. उत्तम चाललीय."

"चालणार नाही फार दिवस. एक दिवस गोठ्यापाशी उभी राहील ती राहीलच. ऐका माझं. आणा."

"बरं, आणतो. पण कुणाला दाखवू? परवा कुणीतरी म्हणालं, तुम्ही आता बघत नाही."

बाहेर टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला होता, म्हणून काकांना जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"उद्या आणा. मी आहे दुकानात. बघू या."